मिठाखालचा चेहरा

जुन्या फोटोच्या काचेच्या डाव्या कडेला जिलेटिनचा थर नखाएवढा उचलला गेला होता आणि त्याखाली समुद्राचं मीठ बारीक चमकत होतं. सुलेखाने ब्रश गार पाण्यात बुडवला. कोमट पाणी घेतलं असतं तर बोटं बधिर झाली नसती, पण त्यात जिलेटिन फुगतं आणि चित्र काचेवरून सुटून जातं.

जपानमधल्या मियागीच्या किनाऱ्यावरच्या एका घरातले पणजोबा फर विकत घ्यायला उत्तरेच्या बेटांवर जात, तिथल्या व्यापारी ठाण्यांचे काचेवर फोटो काढत. त्सुनामीने त्यांचं कोठार मोडलं. काचांच्या पेट्या चिखलात सापडल्या आणि कोतोमधल्या या लहानशा कार्यशाळेत आल्या. सुलेखाही त्याच सुमारास आली, लोकांचे चिखलाने माखलेले फोटो धुणारी स्वयंसेवक म्हणून. त्याआधी ती केमिस्ट्रीतली एमएस्सी होती आणि व्हिसावर नवऱ्याची, सौमित्रची ‘डिपेंडंट’. मग इथेच तिला अर्धवेळ काम मिळालं.

फोटोत फरच्या गठ्ठ्यांवर तीन व्यापारी ऐटीत बसले होते. मागे, दाराशी, लाकडी चौकटीवर कातडं ताणणारी एक बाई. आज मीठ निघालं तसा तिचा चेहरा दिसू लागला. ती थेट कॅमेऱ्याकडे बघत होती.

“अगं, फोन का उचलत नाहीस?” सौमित्र हेल्मेट काढत आत आला. “पॅकिंगवाले डोकं खातायत. एप्रिलमध्ये पुण्याला जॉइन व्हायचंय मला. सामान किती, ते आज सांगायचंय.”

“हात ओले होते.”

“गेला महिनाभर ओलेच आहेत तुझे हात.” तो काचेवर वाकला. “ही कोण?”

“आज सापडली.”

“हिचे मिस्टर कुठले यातले?”

“माहीत नाही. पण ते कातडं तिने ताणलंय.”

तो हसला, मग हसायचा थांबला.

कुमागाई-सान आतून आल्या. कार्यशाळा त्यांची. इथली पद्धत अशी की काच ज्याने साफ केली, त्याने ती ठेवायच्या पाकिटावर आपला शिक्का मारायचा. पुढे काही बिघडलं तर जबाबदारी त्याची. अर्धवेळवाल्यांना शिक्का नसे. सुलेखाच्या कामावर कुमागाई-सानच आपला मारत. त्यांनी लाकडी डबी पुढे ठेवली. आत नवा शिक्का होता, त्यावर जपानी लिपीत ‘सुलेखा’ कोरलेलं.

“पूर्णवेळ नोकरीचं मी दिवाळीत विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. दिवाळी हा शब्द त्यांनी तिच्याकडूनच उचलला होता. “व्हिसाचे कागद मी करीन. पण शिक्का मारलात, तर सगळ्या पेट्या तुमच्या. दोन वर्षं तरी जातील. नको असेल तर मोकळेपणाने सांगा, मी रागावणार नाही.”

सौमित्रला जपानी पुरेसं येत होतं. “दिवाळीत? आणि मला म्हणालीस, बघू!”

“खरंच बघत होते.”

“मग? काय दिसलं?”

सुलेखाने हात पुसले, एकेक बोट. शिक्का लाल शाईत टेकवला आणि पाकिटावर सरळ दाबला.

“सौमित्र,” ती म्हणाली, “पॅकिंगवाल्यांना एकाच माणसाचं सामान सांग.”