बारावी साइट

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सूचना आली. पावणेदहाला साहेबांनी हुकूम काढला: अकरापर्यंत दुरुस्त न झालेल्या सगळ्या साइट बंद करा.

सूचना चार ओळींची होती. रुग्णालयाच्या बाराही साइट ज्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कवर, म्हणजे साइट बांधायच्या तयार सांगाड्यावर, उभ्या होत्या, त्यात भोक सापडलं होतं. साइटकडे पाठवलेल्या विनंतीत एक जादा ओळ घुसडली की फ्रेमवर्कला वाटे, या माणसाची लॉगिनची तपासणी आधीच झाली आहे. आणि ते मुकाट्याने दार उघडून देई. दुरुस्ती निघाली होती, पण फक्त शेवटच्या दोन व्हर्जनसाठी.

अकरा साइट त्याहून कितीतरी मागे होत्या. बारावी पायरीबाईंची.

हे नाव ऑफिसातलं. बाई रक्तदात्यांची यादी सांभाळत. बेचाळीस हजार माणसं, त्यांचे फोन, पत्ते, रक्तगट, आजार. नऊ वर्षं दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला त्या फ्रेमवर्कचं नवं व्हर्जन निघालंय का ते बघत, निघालं असेल तर चढवत आणि काय मोडलं, कसं सांधलं ते निळ्या वहीत लिहीत. एकही पायरी गाळायची नाही. घरी नणंद म्हणे, "वहिनी, दिवसभर राबता, पण दिसत तर काहीच नाही!"

"दिसलं नाही म्हणजेच नीट झालं, वन्सं," हे बाईंचं ठरलेलं उत्तर.

साहेबांनाही काही दिसत नव्हतं. मागच्याच आठवड्यात त्यांचं पत्र आलं होतं: चालू साइटला विनाकारण हात लावू नये. पुढील महिन्यापासून मंगळवारचं काम बंद. बाईंनी मदतकक्षाचे फोन घ्यावेत.

"बाई, तुमचीही बंद करा," साहेब दारातूनच म्हणाले. "उगाच विषाची परीक्षा नको."

"साहेब, बारा वाजताच्या ऑपरेशनला दुर्मिळ गटाचा दाता हवाय. डॉक्टर आत्ता यादीतच शोधतायत. बंद केली तर बिचाऱ्यांनी कुठं बघायचं?"

"आणि यादी चोरीला गेली तर?"

"अकरापर्यंत वेळ दिलाय ना? मग अकराला या."

शेजारच्या टेबलावरचा तुफान खुर्ची ओढत आला. कामाचा झपाटा दांडगा, म्हणून तुफान. 'पायरीबाई' हे बारसंही त्यानेच केलेलं. त्याच्या चार साइट पाच मोठी व्हर्जन मागे होत्या.

"माझ्या चौघींना आत्ताच कुलूप घातलं," तो म्हणाला. "तुमच्याकडं काय करू, सांगा."

"व्हर्जनचा शेवटचा आकडा एकाने वाढवायचा. एवढंच."

"एवढंच?" तुफानाने जीभ चावली. दहा वाजून पाच मिनिटांनी त्याने हात झटकले. "झालं!"

"कशावरून?"

"अहो, आकडा बदललाय की! हा बघा."

"आकडा कागदावर बदलला. दारावर कोण उभंय ते बघायला नको?"

बाईंनी सूचनेतली ती जादा ओळ स्वतःच विनंतीला जोडली आणि लॉगिन न करता आपल्याच यादीवर चोर होऊन गेल्या. प्रवेश नाकारला. पुन्हा गेल्या. नाकारला. तिसऱ्यांदा पडद्यावर नावं उमटली. फोन नंबरांसकट.

तुफानाने कीबोर्डकडे हात नेला. "बंद करू?"

"थांबा. सर्व्हर दोन आहेत, आल्या विनंत्या वाटून घेतात. एक शहाणा झालाय, दुसरा जुनंच गिरवतोय. आधी त्या दुसऱ्याला बाजूला काढा. एकट्याला भार पेलतो, यादी चालू राहील."

त्याने काढला. बाई निळी वही चाळत होत्या. एका पानावर बोट थांबलं.

"चार वर्षांपूर्वीही या सर्व्हरने हेच केलं होतं. जुन्या फाइलींचा साठा जपून ठेवतो आणि नवं मागितलं तरी त्यातलंच काढून देतो. साठा पुसा, सगळं मुळापासून बांधा."

"मी इथं सहा वर्षं आहे. हे मला माहीत नाही!"

"तुम्ही तेव्हा हसत होतात."

दहा वाजून एक्कावन्न मिनिटांनी दुसरा सर्व्हर परत कामाला लागला. बाई दोघांच्या दारी चाळीस-चाळीस वेळा चोर होऊन गेल्या. ऐंशीही वेळा हात हलवत परत आल्या.

अकराला साहेब आले. "केली बंद?"

"चालू आहे," बाई म्हणाल्या. तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी ऐकून घेतला आणि ठेवला. "दाता सापडला, साहेब. निघालाय."

"बारांतली एकच उभी आहे," तुफान म्हणाला, आणि पडद्याकडे बघून उठूनच उभा राहिला. "बाई! दहा अठ्ठावन्न. हे तुम्ही केलंत?"

साइटवर आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत तीच जादा ओळ होती. बाहेरच्या, अनोळखी पत्त्यावरून. एकामागून एक एकशे चौदा वेळा. प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द: नाकारला.

साहेबांनी नोंद वरपासून खालपर्यंत वाचली. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बाईंच्या शेजारी बसले. "ती वही जरा दाखवा," म्हणाले.

संध्याकाळी सहापर्यंतची माहिती अशी: ऑपरेशन पार पडलं. अकरा साइट बंद आहेत. दार वाजवणारा कोण, ते कळलेलं नाही. मंगळवारचं काम बंद करणारं पत्र मागे घेतल्याचं लेखी आलेलं नाही. निळ्या वहीत मात्र पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारची तारीख घालून झाली आहे. वेळ अकरा. खाली, वेगळ्या अक्षरात, पेन्सिलीने: मीही येतो. तुफान.