बुटांच्या खोक्यातले आठ बोल्ट

मी एक जुना बुटांचा खोका आहे. मित्रांनो, नाक दाबू नका. माझ्यात बूट होते ते दुकानात असेपर्यंतच, आणि तेही कोरे करकरीत. त्यानंतर माझ्या पोटात जे जे गेले ते ऐकलेत तर तुम्ही नाकावरचे बोट काढून तोंडात घालाल.

माझा जन्म पुठ्ठ्याच्या कारखान्यात झाला. आधी मी सपाट होतो. यंत्राने मला चार ठिकाणी दुमडले, एका बाईने अंगठ्याने माझे कोपरे दाबले, आणि मला पोट आले. मग माझ्या कुशीवर एक चिठ्ठी चिकटवली. खोक्याला स्वतःची कूस दिसत नाही. दुकानातल्या माणसाने मोठ्याने वाचले तेव्हा मला कळले की मी 'पुरुषांचे बूट, काळे, नंबर आठ' आहे. मला फार बरे वाटले. लिहिलेले असते ते खरेच असते, असे मला तेव्हा वाटत होते.

मला घरी आणले ते काकांनी. सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणते आणि त्यांच्या बायकोला काकू. काकांनी टपाल खात्यात चौतीस वर्षे पत्रांची वर्गवारी केली. समोर भिंतभर लहान लहान खण, हातात पत्रांचा गठ्ठा. पत्ता बघायचा आणि पत्र त्या खणात टाकायचे. पत्राच्या आत काय आहे, याच्याशी आपला संबंध नाही, हा त्यांचा धर्म. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी फिरायला जाण्यासाठी नवे बूट घेतले. ते त्यांना दुपारपर्यंत चावले आणि संध्याकाळी दाराबाहेर गेले. मी मात्र घरात राहिलो, कारण काकू म्हणाल्या, "खोका चांगला आहे. असू दे."

काकूंना हस्तकलेचा नाद होता. लोकर, मणी, लेस, चमकी, रंगीत कागद, फेल्टचे तुकडे, भरतकामाच्या रिंगा, आइस्क्रीमच्या धुतलेल्या काड्या. गरम गोंदाच्या बंदुका तीन होत्या, कारण पहिल्या दोन सापडत नव्हत्या. विणायला घेतलेले स्वेटर पाच होते आणि पाचांना मिळून बाही एक होती. काका निवृत्त झाले त्याच दिवशी काकूंनी मागच्या खोलीतला पलंग सोडवला. फळ्या भिंतीला लावल्या आणि म्हणाल्या, "आता ही खोली माझ्या सामानाची." पलंगाचे आठ बोल्ट हातात घेऊन त्या घरभर फिरल्या. काका म्हणाले, "जपून ठेव गं कुठेतरी." काकूंनी ते माझ्यात टाकले, वर सुतळीचे तुकडे भरले आणि मला जपून ठेवले. मित्रांनो, या जगात हरवलेली वस्तू एखादे वेळी सापडते. जपून ठेवलेली सापडत नाही.

चार वर्षांत त्या खोलीचे दार अर्धेच उघडू लागले. काकू आडव्या होऊन आत जात. माझ्यासारखे सव्वाशे डबे आणि खोकी तिथे होती, आणि एकाच्याही बाहेरच्या चिठ्ठीचा आतल्या मालाशी मेळ नव्हता. बिस्किटांच्या डब्यात बटणे. औषधाच्या खोक्यात चमकी. बल्बच्या खोक्यात लोकर. काकूंना चिठ्ठी लागत नसे. त्यांची आठवण प्रसंगावर चालायची. "चमकी ना? नणंदेशी वाजलं त्या दिवशी आणली. डोकं चढलं होतं. म्हणजे औषधाच्या खोक्यात." आणि असायचीही. पण भांडणे वाढत गेली तसा हिशेब चुकू लागला.

मग एके दिवशी ताईंचा फोन आला. ताई म्हणजे काकूंची मोठी बहीण. लहानपणी काकूंची वेणी ताईच घालायच्या. आता त्या एकट्या होत्या, गुडघा गेलेला, तिसऱ्या मजल्यावरचे घर. फोनचा आवाज एवढा मोठा ठेवलेला होता की सगळ्या खोक्यांनी ऐकले.

"खरं सांग," ताई म्हणाल्या. "तुझ्याकडे माझी सोय लागेल का? वृद्धाश्रमात नाव देऊन ठेवलंय. एक जागा आहे त्यांच्याकडे, शनिवारी सहापर्यंत कळवायचंय. मला दोन्ही चालेल."

"दोन्ही चालेल म्हणे. मागची खोली तुझीच आहे. पलंगसुद्धा आहे."

"जमिनीवर झोपलं तर मला उठता येत नाही गं. क्रेन लागते."

"म्हटलं ना, पलंग आहे."

फोन ठेवून काकूंनी मागच्या खोलीचे दार ढकलले. ते अर्धे उघडले आणि वरून एक लोकरीचा गुंडा त्यांच्या डोक्यावर पडून स्वयंपाकघरापर्यंत घरंगळत गेला. काकू त्याच्या मागे गेल्या नाहीत. तिथेच बसल्या.

ठरले असे, की काकूंनी दोन दिवस ताईंकडे सामान बांधायला जायचे आणि शनिवारी दुपारी त्यांना घेऊन यायचे. तोवर काकांनी खोली मोकळी करायची. निघताना काकूंनी दारातून बजावले, "जास्तीचं असेल ते देऊन टाका. पण काही फेकू नका."

"फेकणार कशाला," काका म्हणाले. "चौतीस वर्षं काय केलं मी?"

काकांनी बाह्या वर केल्या. एक वही काढली, रेघा ओढल्या. मग एकेक खोका उचलायचा, बाहेरची चिठ्ठी वाचायची, वहीत नंबर घालायचा, आणि ज्याचे त्याला पोहोचवायचे. बिस्किटे चहावाल्याला. औषधे दवाखान्याला. बल्ब वायरमनला. उघडून एकही बघितला नाही. आत काय आहे, याच्याशी संबंध नाही. दोन दिवस सायकलवरून खेपा घातल्या. शेजारच्या आजोबांनी विचारले, "परत नोकरी लागली काय हो?" तर काका म्हणाले, "लागली." मी एकोणचाळिसावा होतो. मला त्यांनी कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्त करणाऱ्या बाबांसमोर ठेवले.

"काय आहे यात?" बाबांनी विचारले.

"वर लिहिलंय."

"वर लिहिलंय ते दिसतंय. आत काय आहे?"

"त्याच्याशी आपला संबंध नाही," असे म्हणून काका सायकलवर बसले.

बाबांनी मला उघडले. सुतळी काढली, बोल्ट बघितले, आणि कितीतरी वेळ हसले. मग त्यातले दोन त्यांनी बूट ठोकायच्या आपल्या लोखंडी ठोकणीच्या डगमगत्या पायाला लावले आणि माझ्यावर आपला पाय ठेवला. मी ओरडलो असतो. पण पुठ्ठ्याला आवाज फाटल्यावरच असतो.

घरी पुढे काय झाले ते मी बाबांकडे असल्यामुळे पाहिले नाही. ते मला त्या घरातल्या खिडकीवरच्या कुंडीने नंतर सांगितले. ती खोटे बोलत नाही, तिला जागेवरून हलता येत नाही.

शनिवारी दुपारी काकू ताईंना घेऊन आल्या. खोलीचे दार पूर्ण उघडले. आत लख्ख फरशी, आणि भिंतीला पलंगाच्या फळ्या. काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. काका दारात हात बांधून उभे होते.

"अहो, किती छान," काकू म्हणाल्या. "आता पलंग जोडून टाका पटकन."

"जोडतो की. बोल्ट दे."

"बोल्ट खोलीत होते."

"खोलीत काही नाही."

दोघांनी एकमेकांकडे बघितले. तेवढ्यात दार वाजले. चहावाला बिस्किटांचा डबा घेऊन उभा होता.

"काका, ही बटणं. मी बशीत मांडून ठेवली. एका गिऱ्हाइकानं पेपर वाचता वाचता चहात बुडवलं एक. म्हणाला, जरा शिळं आहे."

त्याच्यामागे दवाखान्यातल्या नर्स. "तुमचं औषधाचं खोकं डॉक्टरांनी उघडलं काका. त्यात चमकी होती. पंखा चालू होता."

"मग?"

"मग काय. डॉक्टर चमकतायत. मुलं इंजेक्शनला रडायची थांबलीत, तेवढाच फायदा."

काका कोपऱ्यात बसले. "चौतीस वर्षांत माझं एक पत्र परत आलं नव्हतं."

"पत्रात चमकी नसायची काका," नर्स म्हणाल्या आणि गेल्या.

वायरमन लोकर घेऊन आला. पाठोपाठ आणखी सहाजण आले. ताई स्वयंपाकघरातून आणलेल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साडेचार वाजले होते. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला, चष्मा लावला आणि अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "पाचची गाडी मिळेल ना गं मला? त्या लोकांना फोन करून सांगते मी, येते म्हणून. उगाच तुमची धावपळ नको. तिकडे पलंग जोडलेला असतो."

  काकूंनी काकांकडे बघितले.

"थांबा जरा. पलंग सोडवला तो दिवस... तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी. हारतुरे घेऊन आलात आणि लंगडत होतात."

"बूट चावले होते."

"बूट चावले म्हणून तुम्ही ते दाराबाहेर टाकलेत. मी म्हटलं, खोका असू दे. माझ्या हातात बोल्ट होते."

काकांनी वही ओढली आणि बोट खाली खाली सरकवत नेले. "एकोणचाळीस. पुरुषांचे बूट, काळे." ते उठले आणि चपला न घालताच बाहेर पडले.

इथून पुढचे मी स्वतः बघितले. भर उन्हात काका अनवाणी, उड्या मारत येताना दिसले. बाबांनी आधी त्यांच्या पायांकडे बघितले. "या. तुम्हाला तर चप्पलच शिवायला हवी."

"तो खोका द्या माझा."

"तुमचा कसा? तुम्हीच दिलात."

"चुकून दिला. त्यात बोल्ट आहेत."

"असं होय. परवा तर आत काय आहे याच्याशी संबंध नव्हता."

काकांना धाप लागली होती. ते फुटपाथच्या कडेवर टेकले. "आता आला संबंध," ते म्हणाले. "मेव्हणीला झोपायला पलंग नाही. पाचच्या गाडीनं परत निघाली ती. परत म्हणजे घरी नाही, घर तिनं सोडलंय."

 बाबांनी ठोकणी उलटी केली, तिला लावलेले दोन बोल्ट काढले, माझ्यात टाकले, आणि पाना खिशात घातला. "तुमच्याकडे पाना आहे?"

"असेल. कुणाला तरी दिला असेल."

"म्हणून म्हटलं. चला."

काकूंनी डोक्याकडची फळी धरली, काकांनी पायाकडची, आणि बाबा खाली बसून बोल्ट आवळू लागले. काका सूचना देत होते. बाबा म्हणाले, "तुम्ही फक्त धरा." ताई कागद हातात धरून बघत होत्या. पाच वाजून गेले. आठवा बोल्ट बसला तेव्हा साडेपाच झाले होते. बाबांनी पलंग दोन्ही हातांनी गदागदा हलवला. हलला नाही.

"बसा ताई," ते म्हणाले.

ताई बसल्या. मग हळूच आडव्या झाल्या आणि छताकडे बघत राहिल्या.  काकूंनी पदराचे टोक चोळून चोळून त्याची दोरी केली होती.

"तुम्ही सकाळी चहा कितीला करता?" ताईंनी विचारले.

"सातला," काकू म्हणाल्या.

"मला सहाला लागतो."

"सहाला मी झोपलेली असते."

"मग मी करीन. साखर कुठे ठेवतेस तेवढं सांग. बाहेर काय लिहिलंय ते नको सांगू."

मग पडल्या पडल्याच त्यांनी फोन लावला आणि कागदावर बघून म्हणाल्या, "माझं नाव काढून टाका. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

वाटलेले खोके एकेक करून परत आले, आणि पुढच्या महिन्यात खोली खऱ्या अर्थाने आवरली गेली. पद्धत ताईंची. काकांनी खोका उघडायचा. पहिल्या दिवशी त्यांनी आधी दार लावून घेतले, दुसऱ्याचे पत्र फोडावे तसे. काकूंनी सांगायचे की याचे काय करणार आणि कुठल्या वारी करणार. वार सांगता आला तर वस्तू राहायची. "कधीतरी" म्हटले की ताई म्हणायच्या, "असा वार नाही," आणि वस्तू बाहेर. पाचांपैकी एक स्वेटर काकूंनी पुरा केला. तो बाबांना दिला. बाकीच्या चार स्वेटरांची लोकर उसवून शाळेला गेली, आणि देताना खोके उघडून दाखवले. चहावाल्याने तर काका दिसले की आधी विचारायला सुरुवात केली, "उघडून बघितलंत ना?"

सव्वाशे खोक्यांची सोळा राहिली. एका कपाटात मावतात. काकांनी प्रत्येकावर नवी चिठ्ठी लावली, आतले बघून.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझे भाऊबंद असतील. त्यांना फेकण्याआधी उघडा, ठेवण्याआधीही उघडा, आणि आत असेल तेच बाहेर लिहा. आणि जमले तर एखादे खोके मोकळे ठेवा. सगळ्या जागा वस्तूंनी धरल्या की माणसाला दारात उभे राहून 'माझी सोय लागेल का' असे विचारावे लागते.

मी आता कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. माझ्यात काही ठेवायचे नाही, असे ताईंनी ठरवले. काकांनी माझ्या कुशीवर ठळक अक्षरात लिहिले, 'रिकामा'. बूट गेल्यापासून प्रथमच माझ्या बाहेर आणि आत एकच गोष्ट आहे.

काकू रोज दुपारी कपाटाशी येतात. हातात लेसचा एखादा चांगला तुकडा असतो. इकडे तिकडे बघून त्या माझे झाकण उचलतात. पलंगावर ताई डोळे मिटून पडलेल्या असतात. त्या नुसत्या खाकरतात. काकू झाकण लावतात.