नाव न घेता सांगायचा पत्ता

सासूबाईंच्या बिबड्यांची वेबसाइट संक्रांतीनंतर सुरू झाली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिच्यावर ऑर्डर आल्या नाहीत तर माडीवरची खोली भाड्याने द्यायची, असं सासऱ्यांनी, तोताराम नानांनी, जाहीर केलं.

नशिराबादच्या आमच्या घरात माडीवर ती एकच खोली आहे आणि पुढे गच्ची. गच्चीवर बिबडे वाळतात, खोलीत ते डब्यांत राहतात. आंबवलेली ज्वारी शिजवून कापडावर थापलेले हे पापड. ज्यांचं लहानपण खानदेशात गेलं, ते पुण्यात राहूनही ते मागतात. बाकीच्यांना समजावून सांगावं लागतं.

"वेबसाइटवर येतील तेवढ्याच ऑर्डरी धरायच्या," नाना म्हणाले. "फोनवर सगळे नातेवाईक. ते भिडेखातर घेतात."

"मग डबे कुठी ठेवायचे?" सासूबाईंनी विचारलं.

"डबेच राहणार नाहीत."

त्या दिवशी सासूबाईंनी नेहमीपेक्षा जास्त ज्वारी भिजत घातली.

वेबसाइट धुळ्याच्या ललितने केली होती. तो नानांचा पुतण्या. पत्ता काय ठेवायचा, हे त्याने नानांना विचारलं, आणि नानांनी स्वतःचं नाव सांगितलं. पुढे गृहउद्योग, पुढे डॉट कॉम. आतल्या पानांची नावं त्याच्या संगणकाने आपोआप ठेवली होती. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडाचं पान म्हणजे प्रॉडक्ट, प्रश्नचिन्ह, आयडी आणि एक आकडा. नानांनी नावाची कार्डं छापून घेतली आणि जळगावात भेटेल त्याला दिली. खाली सासूबाईंचा फोन नंबर होता; तो कार्डाशिवायही तोंडोतोंडी पसरला. त्यांचा फोन बटणांचा आहे, त्यावरून कोणाला काही पाठवता येत नाही. फक्त बोलता येतं.

मी जळगावला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्यामुळे हे फोन माझ्या कानावर पडत नव्हते. एका रविवारी पडला.

"फोटो बी आहेत, वेबसाइटवर पाहा ना," सासूबाई सांगत होत्या. फोन स्पीकरवर होता.

"पत्ता काय?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"आमच्या ह्यांचं नाव लिहायचं. पुढे गृहउद्योग."

"ह्यांचं म्हणजे कोणाचं?"

"मालकांचं."

"मालकांचं नाव काय?"

"तेच तर आहे पत्त्यात."

सासूबाई फोन घेऊन गच्चीच्या कठड्याकडे गेल्या आणि शेजारच्या अंगणात ओरडल्या, "कस्तुरा! अवं कस्तुरा! ह्यांचं नाव सांग बरं यायले."

कस्तुरा हात पुसत वर आली. तिने फोनमध्ये नाव मोठ्याने सांगितलं. पण बाईने फोन ठेवला होता.

"सगळा गावले माहीत शे अक्का," कस्तुरा म्हणाली, "तूच का बरं लाजस?"

"लाजत नही. घेत नही."

असं रोज होतं का, हे मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, कस्तुरा घरी असली तर अडत नही. कस्तुरा कापूस वेचायला जायची, भुईमूग काढायला जायची. ती घरी क्वचितच असे.

"आई, नाव घेतल्याने काही होत नाही."

"होत नही, ते मलेबी माहीत आहे. पण इतके वर्षं नही घेतलं, आता काय पापडासाठी घेऊ?"

मी माझ्या नवऱ्याला, हेमराजला, हेमराजच म्हणते. घरात त्यावर कोणी आक्षेप घेतलेला नाही.

मग मी माझ्या फोनवर 'खानदेशी बिबडे' शोधलं. आमचं पान कुठेच नव्हतं. नानांचं नाव टाकल्यावर धरणगावच्या त्याच नावाच्या एका पैलवानाच्या कुस्त्या आल्या. त्या चांगल्या होत्या.

ललितला फोन केला. म्हटलं, पत्ता असा हवा की माणसाला जे पाहिजे तेच त्यात लिहिलेलं असेल, आणि फोनवर एकदा ऐकून त्याला तो टाइप करता येईल.

"वहिनी, ते गुगलचं काम मी नंतर करणार होतो."

"गुगललाही तेच वाचायचं आहे. प्रश्नचिन्ह आणि आकडा वाचून त्याला तरी काय कळणार?"

"बदलता येईल. पण नाना?"

नाना ओट्यावर बसून पेपर वाचत होते. मी पत्ता बदलायचं बोलले आणि कारणही सांगितलं.

"तिला नाव घेता येत नाही म्हणून माझं नाव काढायचं?"

"ते एक. शिवाय ते कोणी शोधत नाही."

हे जरा रुक्ष झालं, म्हणून मी म्हटलं, "माझंही कोणी शोधत नाही."

"लोकांच्या घरात माझी कार्डं आहेत. त्यांनी तो पत्ता टाकला तर काय, दाराला कुलूप?"

हा प्रश्न बरोबर होता. जुना पत्ता टाकणारा माणूस आपोआप नव्या पत्त्यावर जाईल, अशी सोय करता येते, हे मी सांगितलं. आतल्या प्रत्येक पानासाठीसुद्धा.

"म्हणजे माझं नाव टाकलं की तिचे बिबडे येणार?"

"हो."

नानांनी पेपर दुमडला. "करा. पण मुदत आखाजीचीच."

ललितने पत्ता 'नशिराबादचे बिबडे' असा केला. अक्षरं इंग्रजी, लोक व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात तशी. आतल्या पानांना ज्याची त्याची नावं दिली. सासूबाई फोनवर सांगू लागल्या, "नागलीचे पाहिजे असले तर पुढे तिरपी रेघ मारा आणि नागली पापड लिहा." समोरचा माणूस लिहून घेई.

"आते माले कोनी बलावत नई," कस्तुरा मला म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग नाशिकहून एक ऑर्डर आली, एरंडोल माहेर असलेल्या एका बाईची. तिने बिबडे शोधले होते आणि तिला बिबडे सापडले होते. त्यानंतर अनोळखी नावं येत राहिली. नाना रोज संध्याकाळी ललितला फोन करून ती नावं विचारत आणि त्यांत कोणी नातेवाईक आहे का ते तपासत. एक निघाला. तो त्यांनी वजा केला.

आखाजीच्या आदल्या दिवशी भूपेंद्र नावाचा मोबाइल दुरुस्तीवाला खोली बघायला आला. नाना त्याला घेऊन माडीवर गेले. खोलीत डबे होतेच, शिवाय दारापर्यंत पार्सलं रचली होती, आणि सासूबाई मधे बसून चिकटपट्टी लावत होत्या. दोघांना आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"कधी रिकामी होईल, नाना?" भूपेंद्रने विचारलं.

नानांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी चिकटपट्टी दाताने तोडली.

"नाही होत," नाना म्हणाले.

अजूनही रोज जेवण झाल्यावर नाना फोन काढतात आणि एका बोटाने स्वतःचं नाव टाइप करतात. वेळ लागतो. मग वरचं नाव आपोआप बदलतं आणि खाली बिबड्यांचा फोटो येतो.

"पोहोचले का?" सासूबाई आतून विचारतात.

"पोहोचलो," नाना म्हणतात.