नावाड्याच्या लेकीचं पान

टिटवीचं निबंधवाचन अकराला होतं, आणि सव्वादहाला तिनं ती पोथी जन्मात पहिल्यांदा हातात घेतली.

ग्रंथालयातही हळू बोलता येत नाही म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. दोन वर्षं तिनं फोटोंवरच काम केलं होतं. मूळ पोथी नाजूक, ती फक्त निबंधस्पर्धेच्या अंतिम फेरीला परीक्षकांसमोर येणार होती. चाळीस सुटी पानं, सातशे वर्षांपूर्वीचं नदीचं लांबच लांब गाणं. सगळे ते एका दरबारी कवीचं मानत. टिटवी म्हणाली, नाही, हे एका बाईचं आहे. शेवटच्या पानावर ती स्वतःच तर बोलते:

नावाड्याची लेक म्हणे, काठ दोन्ही माझे भाऊ
मधी मी गं वाहे पाणी, कुणाकडे किती जाऊ?

या दोन ओळींवर सगळा निबंध उभा होता. पहिल्या येणाऱ्याला संशोधनाची एकुलती एक जागा. नाहीतर सोमवारपासून मावशीच्या कापडदुकानात उभं राहायचं, हे घरात ठरलेलं.

दुरुस्तीच्या खोलीत ओल्या खळीचा वास होता. जुनी पानं सांधणारे खळमामा म्हणाले, “हळू गं. तान्ह्या लेकरासारखी धर.”

तिनं पानं खिडकीच्या उजेडात धरली. डाव्या समासात किड्यानं पाडलेलं बारीक भोक होतं. पहिल्या पानापासून एकोणचाळिसाव्यापर्यंत, अगदी त्याच जागी, सुईनं ओवल्यासारखं. चाळिसाव्यावर ते नव्हतं. तिथं उजवीकडे, खाली, मसुराएवढं वेगळंच भोक. आणि एकोणचाळिसावं पान त्या जागी धडधाकट.

फोटोंत समास नव्हते. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून ते तिनंच कापायला लावले होते.

“मामा, किडा पान सोडून उडी मारतो का हो?”

खळमामांनी दोन्ही पानं डोळ्यांजवळ नेली. “तीस वर्षांत उडी मारणारा किडा नाही पाहिला. हे पान दुसऱ्या पोथीचं आहे, पोरी. कुणीतरी मागाहून सरकवलंय.”

“पण अक्षर एकाच हाताचं आहे!”

“लिहिणाऱ्यानं काय एकच पोथी लिहिली असेल? त्यालाही पोट होतंच की.”

बाहेर तिचे मार्गदर्शक सर घड्याळ बघत उभे होते. तिनं एका दमात सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“परीक्षक ओळी वाचतील, भोकं मोजणार नाहीत. आज गप्प राहा. जागा हातात पडू दे, मग सावकाश दुरुस्तीचा लेख लिहू.”

“आणि तोवर, सर?”

“तोवर ते तुझं मत. मतं काय, सगळ्यांचीच चुकतात. मी तुझ्या भल्याचं सांगतोय.”

सभागृहात दुसऱ्या रांगेत आई बसली होती, दवाखान्यातून अर्धी रजा काढून आलेली. “बये, तोंड का असं उतरलंय? पाठ आहे ना?”

“आहे.”

“मग बोल घडाघडा. कुणी मध्ये तोंड घातलं तर माझ्याकडे बघ, मी डोळे वटारते.”

नाव पुकारलं गेलं.

ती बोलत गेली. आवाज छान लागला होता. नदी आली, वल्ही आली, शेवटी लेकीच्या दोन ओळी आल्या. मधल्या खुर्चीतल्या वयस्क परीक्षकबाई मान डोलावत पुटपुटल्या, “वा!” मागून टाळ्या सुरू झाल्या. इथं थांबलं की झालं. खाली मान घालून जागेवर जायचं, एवढंच उरलं होतं.

“टाळ्या नकोत,” टिटवी म्हणाली. “माझं चुकलंय.”

तिनं टेबलावरच्या पोथीतली शेवटची दोन्ही पानं मोठ्या खिडकीपाशी धरली आणि भोकं दाखवली. मागच्या रांगेत सर बुटांकडे बघत राहिले.

“हे कधी कळलं तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

“सव्वादहाला.”

“मग गाणं कुणाचं?”

“माहीत नाही. या पानावरून तरी सांगता येणार नाही.”

शेजारचे परीक्षक वैतागले. “मग आम्ही गुण द्यायचे कशाला?”

बाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “निबंध मागे घेतल्याचं लिहून द्या. जागा जाईल, कळतंय ना?”

“अगं ए, काय लिहून देतेस?” आई उठून उभीच राहिली. टिटवीनं तिच्याकडे पाहिलं नाही. सही वाकडीतिकडी झाली, पण झाली.

पुढच्या विद्यार्थ्याचं नाव पुकारलं गेलं. खळमामा पोथी बांधायला फडकं घेऊन आले. टिटवीनं चाळिसाव्या पानावर हात ठेवला.

“हे एवढ्यात नका बांधू, मामा. या भोकाचं माप घ्यायचंय.”

“आता कशाला?”

“नावाड्याची लेक होती ना? पान तिचंच आहे. तिचं गाणं शेवटच्या पानावाचून कुठंतरी पडलं असेल. त्याच्याही शेवटाला, याच जागी, हेच भोक असणार.”

मामांनी खिशातली पट्टी काढून दिली. आई दाणदाण पावलं टाकत टेबलाशी आली, तेव्हा टिटवी पानावर वाकलेली होती आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर पाणी जमलं होतं. आईनं आधी तिला मागं ओढलं, पानावर पडेल म्हणून. मग पिशवीतून पेन काढलं.

“सांग,” ती रागातच म्हणाली, “किती आहे ते?”