सुईखालचं वजन

माझ्या बायकोच्या, कलाबाईच्या आवाजाची शेवटची उरलेली रेकॉर्ड तिच्या भावाकडे, साक्रीच्या पुनाकडे होती, आणि तो ती माझ्या हातात द्यायला तयार नव्हता. ती वाजवायचं मशीन घ्यायला आम्ही दोघे धुळ्याहून एसटीने जळगावला निघालो, तेव्हाही त्याने ती दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून मांडीवर धरली होती.

त्याचं काही चुकत नव्हतं. माझा लाउडस्पीकरचा धंदा होता. एकोणऐंशी साली आमच्या विहारातल्या गायन पार्टीची एक छोटी रेकॉर्ड मुंबईच्या कंपनीने काढली. तिच्या दुसऱ्या बाजूला दोन कडवी कलाबाई एकटी गाते. घरात चार प्रती आल्या. एक तिने माहेरी दिली, तीन माझ्याकडे राहिल्या. लग्नात, जयंतीत माणसं नाचायला लागली की स्टेज हलायचं आणि सुई उडायची. मग आम्ही सगळे लाउडस्पीकरवाले एकच करायचो, सुईच्या दांडीवर रुपयाचं नाणं ठेवायचो. सुई उडत नसे. पण दोन हंगामांत रेकॉर्ड घासून जायची आणि नुसती खरखर उरायची. कलाबाई म्हणायची, नाणं काढा. मी म्हणायचो, लोक थांबलेत. माझ्याकडच्या तिन्ही प्रती तशाच गेल्या.

पुढे तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. शेवटची चार वर्षं ती पाटीवर लिहून बोलली. ती गेल्यावर मुलीने, मृणालीने, आधीचे व्हिडिओ शोधले. त्यात ती पंगतीत वाढताना दिसते आणि आवाज डीजेचा येतो. पुनाकडची प्रत वाचली, कारण त्याच्या घरी वाजवायला मशीनच नव्हतं.

जळगावात रोनकचं दुकान आहे. तो स्वतः जुन्या रेकॉर्ड जमवतो. त्याने आधी सुटकेससारखं मशीन दाखवलं. स्पीकर आतच, झाकण लावलं की उचलून न्यायचं. नवीन लोक हेच नेतात म्हणाला. पुनाला ते आवडलं. एवढुशा खोलीत आणखी कशाला पसारा, असं त्याचं म्हणणं.

मी विचारलं, सुईखाली वजन किती पडतं?

रोनकला सांगता येईना. कंपनीने लिहिलेलं नव्हतं. तो म्हणाला, तुमचीच रेकॉर्ड लावून बघू, आणि त्याने हात पुढे केला. पुनाने पुठ्ठे छातीशी धरले.

मी म्हणालो, शेजारी सराफाचं दुकान आहे, तिथे तोलू. रोनक हसला, पण आला. ते दुकान त्याच्या काकांचं, प्रेमराज शेठचं होतं. मशीन गल्ल्यावर ठेवलं, बटणाएवढा छोटा काटा सुईखाली सरकवला. शेठनी चष्मा लावून आकडा वाचला.

"पाच ग्रॅम नव्वद. सुकदेवभाऊ, एवढ्यात लहान मुलीची अंगठी होते."

मग रोनकने दुसरं मशीन आणलं. त्याच्या दांडीला मागे गोल वजन होतं, ते फिरवून भार कमी-जास्त करायचा. याला स्पीकर वेगळे लागतात. रोनकने समजावलं, की आवाज वाढवायची सोय स्पीकरमध्येच असलेली जोडी घ्या आणि रेकॉर्डचं सर्किट मशीनमध्येच असलेलं हे मॉडेल घ्या, म्हणजे मधे अॅम्प्लिफायरचा तिसरा डबा नको. त्याने वजन फिरवलं. काट्यावर दोन ग्रॅम आले.

"आणि सुई उडाली म्हणजे?" पुना म्हणाला. "दाजी रुपया ठेवतीन."

शेठ माझ्याकडे बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, तीन रेकॉर्डचं आणि कलाबाई काय म्हणायची तेही. पुनाला हे माहीत होतं, पण माझ्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं. रोनकने खोकी बांधली. रोज लावली तर चांगल्या सुईनेही थोडं झिजतंच, एवढं त्याने निघताना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्यात माझ्या खोलीत सगळं मांडलं. मशीन भिंतीतल्या फरशीच्या फळीवर ठेवलं, स्पीकर वेगळ्या टेबलांवर, म्हणजे त्यांचा हादरा सुईला लागत नाही. पंखा बंद केला. पुनाने फोन रेकॉर्डिंगला लावला आणि पुठ्ठे उघडले. रेकॉर्ड त्याने स्वतः ठेवली.

पार्टीचा कोरस आला. मग पेटी थांबली, आता कलाबाई, आणि सुई उडाली. मागे जाऊन पुन्हा पेटी, पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा उडाली तेव्हा पुना उठून उभा राहिला.

"ही मनी बहीण शे, दाजी."

त्याचीच बहीण होती. मी दांडी उचलली. रेकॉर्ड उजेडात तिरपी धरली, तर त्या जागी पुनाच्या घरच्या ट्रंकेतली कसलीशी चिकट घाण बसली होती. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घरात होतं. चष्म्याच्या फडक्याने रेघांच्या दिशेने, गोल गोल, न दाबता पुसत राहिलो. पुना माझ्या बोटांकडे बघत होता. अर्धा तास वाळू दिली.

या वेळी सुई मी त्यालाच ठेवायला लावली.

पेटी थांबली आणि कलाबाईने श्वास घेतला. तो श्वास मी जन्मात ऐकला नव्हता. भोंग्यातून ऐकू आलाच नसता. मग ती गायली. दोन्ही कडवी पूर्ण. तेवीस वर्षांची होती तेव्हा.

पुना भिंतीकडे तोंड करून बसला. तसाच म्हणाला, ठेवून घ्या तुमच्याकडे.

मी रेकॉर्ड पुठ्ठ्यात घातली, दोरी बांधली आणि त्याच्या पिशवीत ठेवली. तो नको म्हणाला, पण मी ऐकलं नाही. पहिल्या पुण्यस्मरणाला घेऊन ये म्हणालो. चारच्या साक्री गाडीत त्याला बसवून दिलं.

फोनमध्ये उतरवलेलं मृणाली रोज ऐकते. तिला तेवढं पुरतं. मला पुरत नाही. रेकॉर्ड घरात राहिली असती तर संध्याकाळपर्यंत मी ती दहा वेळा लावली असती.