यंत्राला थंडी वाजते

टिंग! ओट्यावरची वाटी पडली, फरशीभर गरगरली आणि मोठ्या मुश्किलीने स्थिरावलेला आकडा पुन्हा नाचू लागला.

"भिंगरे!"

"मी नाही, तीच पडली," पाच वर्षांची भिंगरी म्हणाली.

तिच्या आईने कपाळाला हात लावला. समोर, सासूबाईंची जुनी शाल पांघरून, गुरुत्वाकर्षण मोजायचं यंत्र बसलं होतं. खालच्या खडकाच्या भेगांत गरम पाणी भरलेलं असलं, की भरीव खडकापेक्षा जमिनीची ओढ केसभर कमी भरते; ते पाणीही निघून गेलं, की आणखी कमी. यंत्र तो केस पकडतं. सकाळी घराच्या कोपऱ्यात आकडा घ्यायचा, मग माळावर चाळीस ठिकाणी, परतल्यावर पुन्हा घरी. घरचे दोन्ही जुळले तर मधले चाळीस खरे. नाहीतर सगळं मुसळ केरात. घरचा कोपरा तिनेच साहेबांकडे हट्टाने मागितला होता. तेवढंच दुपारी लेकीचं तोंड दिसतं.

वाटी थांबली, आकडा थांबला. तिने चंद्र-सूर्याची ओढसुद्धा वजा केली. तरी सकाळपेक्षा नऊने कमी!

तेवढ्यात साहेबांचा फोन. "ड्रिलवाले उद्या येतायत. आकडे जुळले ना? नसतील तर उद्यापासून तुमचा तो कोपरा बंद, सगळं ऑफिसच्या आवारात."

"पाचच मिनिटं, सर."

फोन ठेवून ती पुटपुटली, "आई, आपल्या घराखालून काहीतरी निघून गेलंय."

"छे गं," सासूबाई म्हणाल्या, "मी सकाळपासून दारातच आहे. कोणी गेलं नाही."

"यंत्राला हात लावलात?"

"नुसतं उचललं. तूच म्हणतेस ना, त्याला सतत ऊब लागते? मग गार फरशीवर का टेकवतेस बिचाऱ्याला? तू हातपाय धूत होतीस, तेवढ्यात शाल घातली नि खाली फळी सरकवली. पोटचं असतं तर बसवलं असतंस असं?"

तिने शाल उचलली. भिंगरीच्या पट्टीने फळी मोजली: तीन सेंटीमीटर. तेवढं वर उचललं, की बरोब्बर नऊ कमी!

फळी निघाली. तिघी श्वास रोखून बसल्या. आकडा जुळला.

"जुळले, सर. सतराव्या जागी ओढ सगळ्यात कमी, तिथे खणा," तिने कळवलं. फळीचं नाव काढलं नाही.

भिंगरी यंत्राशी उकिडवी बसली होती. "आई, खालून पाणी गेलं की आकडा उतरतो?"

"हो, अगदी पुसटसा."

"मग तू सकाळी जातेस, तेव्हा आपल्या घराचा कितीने उतरतो?"