जुनिपरचं कडवं

ज्या रँचवर डेलमरनं तीस वर्षं गुरं राखली, तिच्या कुंपणाबाहेर, सरकारी रस्त्यावर तो आज उभा होता. आत जायला त्याला बंदी होती. वसंतात मालकाच्या जावयानं, टॅनरनं, त्याला कामावरून काढलं आणि त्याची म्हातारी घोडी जुनिपर त्याला न विचारताच खाटकाच्या ट्रकात चढवली. कागदावर घोडी रँचची होती ना! झालं तर मग.

डेलमर दात आवळून आजची वाट बघत राहिला.

आज टॅनर शहरातल्या पाहुण्यांना ड्रोननं गुरं हाकून दाखवत होता. "घोडा नको, काउबॉय नको," तो ऐटीत सांगत होता. डोक्यावर ड्रोनची घरघर ऐकून दोनशे गाई मुकाट फाटकाकडे निघाल्या.

डेलमरनं घसा खाकरला.

"या गं बायांनो, या गं या,
पेंडीची गाडी आली, या..."

हिवाळाभर बर्फात पेंड टाकताना तो हेच गायचा. पुढच्या तांबडीनं कान टवकारले, हंबरली, आणि अख्खा कळप उधळून कुंपणाला येऊन भिडला. ड्रोन वर एकटंच भुणभुणत राहिलं. पाहुण्यांत खसखस पिकली.

टॅनर धावत आला. "बंद करा ते रडगाणं!"

"का रे बाबा? रस्ता सरकारी, गळा माझा."

"डेलमर, लोक बघतायत हो! गाई तेवढ्या फाटकातून आत घालून द्या. म्हणाल ते करतो."

"आधी टोपी काढ."

टॅनरनं टोपी काढली.

"आता तूच गा. गात पुढं चाल, येतील मागोमाग. कडवं मात्र मी देतो ते. आणि मोठ्यानं हं."

टॅनरनं कडवं ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. पाहुण्यांकडे एकदा बघून तो चालू लागला, फाटक्या आवाजात गात,

"अठरा वर्षं जिनं पाठ दिली,
ती जुनिपर मी खाटकाला विकली..."

हसू थांबलं. एका बाईनं विचारलंसुद्धा, "जुनिपर कोण हो?" टॅनरची मान वर झाली नाही.

डेलमरचं काळीज निवलं. हेच, अगदी हेच बघायला तो उन्हाळाभर जगला होता.

गाई वळल्या. ज्या तांबडीला त्यानं स्वतःच्या हातांनी आईच्या पोटातून ओढून काढलं होतं, तीही टॅनरच्या मागं निघाली. चाल ओळखीची होती. गळा कुणाचा, याच्याशी त्यांना काय देणंघेणं?

डेलमरनं कुंपणाची तार मुठीत घट्ट धरली.

"पुन्हा म्हण!" तो ओरडला. "इथवर ऐकू नाही आलं!"